आटलाय की तुंबलाय? एका रॅटच्या एमआरआयचं प्रकरण

जानेवारीतली गोष्ट. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरात होती. होम मैदानाच्या बाजूने पाळण्यांचे दिवे दिसत होते आणि रात्री साडेदहाला मी एका खासगी स्कॅन सेंटरच्या मागच्या दाराशी प्लास्टिकचा पिंजरा धरून उभी होते. पिंजऱ्यात विस्टर जातीचे तीन रॅट. शेजारी माझा एम. फार्म.चा विद्यार्थी, खांद्यावर टॉवेलांचं गाठोडं. आत शेवटच्या पेशंटचा गुडघ्याचा स्कॅन चालला होता. तो उरकला की मशीन दोन तास आमचं.

मी फार्माकॉलॉजी शिकवते. प्रबंधासाठी स्मरणशक्तीचा विषय घ्यायचा म्हटलं की आमच्याकडच्या कॉलेजांतून तीनच 'अल्झायमर मॉडेल' पुढे येतात. स्कोपोलामिन टोचा, ॲल्युमिनियम क्लोराईड पाजा, नाहीतर मेंदूत स्ट्रेप्टोझोटोसिन सोडा. या मुलाने तिसरं निवडलं, कारण ते सगळ्यांत अवघड होतं. घर पूर्व भागातलं, यंत्रमागावर वाढलेला, हाताला कमालीचा स्थिर. स्टिरिओटॅक्सिक फ्रेमवर रॅटचं डोकं बसवून ब्रेग्मा या कवटीवरच्या खुणेपासून मिलिमीटर मोजत भोक पाडायचं, तर असाच हात लागतो.

स्ट्रेप्टोझोटोसिन, आमच्या बोलीत एसटीझेड, रक्तातून दिलं तर स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतं. म्हणून मधुमेहाच्या प्रयोगांत ते नेहमीचंच. पण किलोला ३ मिलिग्रॅम इतकी थोडी मात्रा थेट मेंदूतल्या पोकळीत, म्हणजे लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये सोडली, तर रक्तातली साखर वाढत नाही. मेंदूची इन्शुलिनला दाद देण्याची ताकद मात्र बिघडते, आणि काही आठवड्यांत रॅट शिकलेलं विसरायला लागतो. जर्मनीतल्या सिगफ्रिड होयर यांच्या गटाने १९९० च्या दशकात ही वाट रुळवली. यात माणसाच्या अल्झायमरसारखे अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचत नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. पुढे हाच मुद्दा आडवा येणार आहे.

विसरला की नाही हे बघायला मॉरिसचा पाण्याचा हौद. गढूळ केलेल्या पाण्याखाली एक चौथरा लपवायचा आणि रॅट किती सेकंदांत तो शोधतो ते मोजायचं. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेली ही पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेत ठीक होती. आमचा हौद १८० सेंटिमीटर व्यासाचा. त्यात ३० सेंटिमीटर पाणी भरायचं म्हटलं तर सुमारे ७६० लिटर लागतं. सोलापुरात, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हौद भरताना कॉलेजचा शिपाई आमच्याकडे ज्या नजरेने बघायचा, ती नजर कुठल्याच पेपरच्या 'पद्धती' विभागात येत नाही.

स्कॅन कशाला

नेहमीची रीत अशी: हौद संपला, रॅट मारला, मेंदू काढून फॉर्मलिनमध्ये टाकला, काप घेतले. प्रत्येक मुदतीला वेगळे रॅट. दुसऱ्या आठवड्याचे वेगळे, चौथ्याचे वेगळे. जिवंत रॅटच्या मेंदूचं चित्र मिळालं तर तोच प्राणी पुन्हा पुन्हा बघता येतो. प्राणी कमी लागतात आणि प्रत्येक प्राण्याची तुलना त्याच्याशीच होते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वं सांगितली: प्राणी टाळा, कमी करा, त्रास कमी करा. त्यातलं मधलं तत्त्व इथे थेट पाळता येतं. अर्जात मी हेच लिहिलं होतं. अर्जात लिहिणं आणि तसं वागणं यात केवढं अंतर पडतं, तेच या प्रकरणात आहे.

संशोधनासाठी रॅट-माउसचे खास एमआरआय असतात, ७ टेस्लाचे, ९.४ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक). आमच्या वाट्याला माणसांचं १.५ टेस्ला आलं, तेही ओळखीने. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, रॅटचा जेमतेम २ ग्रॅम. डोक्याच्या कॉइलमध्ये, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या वेटोळ्यात, रॅट ठेवला तर परातीत शेंगदाणा ठेवल्यासारखं होतं, म्हणून मनगटाची कॉइल घेतली. चित्राचा एक कण ०.२ बाय ०.२ मिलिमीटर आणि कापाची जाडी २ मिलिमीटर ठरवली. माणसाच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये कण अर्ध्या मिलिमीटरचा आणि काप ५ मिलिमीटरचा धरला, तर आमचा कण आकारमानाने सुमारे १६ पट लहान. कण लहान म्हणजे त्यातून येणारा सिग्नलही तितकाच कमी. तो भरून काढायला तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घ्यायचं, पण दुप्पट स्पष्टतेला चौपट वेळ. एका रॅटला चाळीस मिनिटं लागायची ती अशी.

अमायलॉइडचे ठिपके एवढ्या मोठ्या कणात दिसत नाहीत. ते काही दहा मायक्रॉनांचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तरी आमच्या कणात असे कितीतरी मावतील. आम्हाला बघायचा होता तो व्हेंट्रिकलचा आकार. टी-२ नावाच्या प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, आणि व्हेंट्रिकलमध्ये असतो तो मेंदूतला पाण्यासारखा द्रव.

परवानगीचं थोडक्यात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ चे नियम आहेत आणि त्यानुसार कॉलेजची प्राणी आचारसमिती असते. प्राणी दुसऱ्या जागी न्यायचे म्हणजे अर्जात बदल, तो मंजूर करून घेतला. सेंटरच्या डॉक्टरांच्या अटी दोन: माणसांच्या वेळेत नाही, आणि जाताना रॅटचा एक केससुद्धा मागे राहता कामा नये.

पहिली रात्र

सेंटरवर रात्रपाळीचे टेक्निशियन होते. सगळं सेंटर त्यांना मामा म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायला लागलो. कॉइलला त्यांनी स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म तीन वेढे गुंडाळली. माझ्या हातातला टॉर्च दाराबाहेरच काढून घेतला. मग रॅटच्या कानाकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, ह्यो बिल्ला कशाचाय?" ओळखीसाठी लावलेला धातूचा बिल्ला. मी वर्षानुवर्षं प्राण्यांत काम करते, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बिल्ले काढले आणि शेपटीवर मार्करने रेघा मारल्या: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा.

भूल केटामिन-झायलाझिनची. आयसोफ्ल्युरेन वायूची भूल जास्त चांगली, हवी तेवढी कमी-जास्त करता येते, पण त्याचं उपकरण आमच्याकडे नव्हतं आणि चुंबकाच्या खोलीत चालणारं तर नव्हतंच. भुलेत रॅटला स्वतःचं तापमान राखता येत नाही. स्कॅनच्या खोलीत एसी २० अंशांवर. मुलाने घरच्या मागावरचे सेकंड निघालेले टर्किश टॉवेल आणले होते. त्यात गरम सलाइनच्या पिशव्या गुंडाळून रॅटला मध्ये निजवलं. कोमट, आरामशीर दिसत होतं. पण पिशव्या वीस मिनिटांत गार होतात आणि स्कॅन चाळीस मिनिटांचा. पहिला रॅट बाहेर काढला तेव्हा गुदद्वारातलं तापमान ३३ अंश. असायला हवं ३७ च्या वर. तो वाचला. दुसरा वाचला नाही. मुलगा त्याच्या छातीवर दोन बोटांनी दाबत राहिला, बराच वेळ. मामा काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन पिशव्या पुन्हा गरम करून आणल्या आणि तिसऱ्या रॅटला दर दहा मिनिटांनी स्कॅन थांबवून पिशवी बदलली. ते मी पहिल्यापासूनच करायला हवं होतं.

तिसऱ्याच्या चित्रात डोक्याच्या वरच्या बाजूला काळं भगदाड. क्षणभर वाटलं मेंदूच गेला. भोक पाडताना ड्रिलच्या टोकाचे बारीक कण हाडात अडकले होते. डोळ्यांना दिसत नाहीत, पण चुंबकाला दिसतात, आणि आजूबाजूचं सगळं काळं करून टाकतात. त्यानंतर प्रत्येक भोक सलाइनने भरपूर धुवायचं, असा नियम झाला.

पुढच्या काही रात्रींत एसटीझेडवाले सगळे झाले. त्यांच्याशी ताडून बघायला शस्त्रक्रिया न केलेले नॉर्मल रॅटही घेतले. फरक असा की पडद्यावर बोट ठेवायलाही नको. नॉर्मल रॅटचं व्हेंट्रिकल म्हणजे नखाने ओरखडा काढावा तशी बारीक फट. एसटीझेडवाल्यांत तीच दोन्हीकडून फुगलेली, पांढरीशुभ्र.

"मॅडम, मेंदू आटलाय बघा की!" मुलगा म्हणाला.

मलाही तेच दिसत होतं. अल्झायमरच्या पेशंटच्या स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस हा स्मरणशक्तीचा भाग आणि एकूण मेंदू आकसतो आणि व्हेंट्रिकल मोठी दिसतात, हे आपण पुस्तकात शंभरदा बघितलेलं असतं. मनात पेपरचं शीर्षकसुद्धा तयार झालं होतं. मामा खुर्चीत मागे रेलून चहा पीत होते. म्हणाले, "आटलेला न्हाई वाटत मॅडम. तुंबल्यासारखा वाटतोय. लहान पोरांचं डोकं असतंय की, पाणी भरलेलं, त्यागत."

मामांचं म्हणणं

खोटं कशाला बोलू, मला राग आला. तो दोन दिवस टिकला. नंतर चित्रं पुन्हा उघडली.

मेंदू आटला तर जागा सगळीकडे सुटते, आतही आणि बाहेरही, कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये. माणसाच्या मेंदूला वळ्या असतात. त्यांच्यामधल्या खाचा रुंदावल्या की आकसणं चटकन कळतं. रॅटचा मेंदू गुळगुळीत, वळ्या नाहीतच. तेव्हा बघायचं ते मेंदूभोवतीच्या पाण्याच्या बारीक पट्टीकडे. आटलेल्या मेंदूत ती जाड व्हायला हवी. आमच्या चित्रांत ती जवळजवळ नाहीशी झाली होती. मेंदूची साल आतून दाबून कवटीला चिकटवल्यासारखी. आतलं पाणी बाहेर पडायची वाट अडली की असं होतं.

आणि एसटीझेडने वाट अडणं अगदी शक्य आहे. व्हेंट्रिकलच्या आतून एपेंडायमा नावाचं पेशींचं अस्तर असतं. इंजेक्शन सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जहाल लागतं ते या अस्तराला. अस्तर सोललं, सूज आली की तिसऱ्या व्हेंट्रिकलकडून चौथ्याकडे जाणारी ॲक्विडक्टची चिंचोळी नळी बंद होऊ शकते. म्हणजे मेंदूतले न्यूरॉन न मरताही व्हेंट्रिकल फुगेल. रॅट हौदात चौथरा विसरेल, कारण मेंदूवर दाब आहे. आणि आपण म्हणू, अल्झायमर.

हे तपासायला माझ्याकडे काय होतं? काहीच नाही. इथे चूक माझी होती आणि ती दुहेरी होती.

एक, शॅम गट स्कॅनला नेला नव्हता. शॅम म्हणजे तीच भूल, तेच भोक, तीच सुई, फक्त औषधाऐवजी नुसता बफर. "त्याला तर काहीच दिलं नाही, मॅडम, त्याचा स्लॉट कशाला?" असं मुलगा म्हणाला आणि पैसे वाचतील म्हणून मी मान डोलावली. सुईने, आम्लधर्मी सायट्रेट बफरने, रक्ताच्या एखाद्या गुठळीने व्हेंट्रिकल किती फुगतं, हे आता सांगायला कोणी नव्हतं.

दुसरी चूक मोठी. शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन एकाही रॅटचा नाही. तोच प्राणी पुन्हा बघता येतो म्हणून अर्ज मंजूर करून घेतला, आणि प्रत्यक्षात मशीन वापरलं ते मेंदू कापून बघण्याचा महागडा पर्याय म्हणून. शेवटचं एक चित्र, दोन वेगळ्या गटांचं. एवढंच करायचं होतं तर गड्ड्यातला फोटोवालाही चालला असता.

मोठं मशीन असतं तर

विभागात हे प्रकरण मांडलं तेव्हा एकाने सुस्कारा टाकला, आपल्याकडे पेट स्कॅन असता तर! मला हे पटत नाही, त्याचं कारण सांगण्यासारखं आहे.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेलं रसायन, म्हणजे ट्रेसर, टोचून ते शरीरात कुठे जमतं ते बघतात. अमायलॉइडला चिकटणारा पहिला नावाजलेला पेट ट्रेसर म्हणजे पिट्सबर्ग कंपाउंड-बी. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे तो पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरला गेला, २००४ साली प्रसिद्ध झाला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतला अमायलॉइड दिसू लागला. मग तोच ट्रेसर अमायलॉइडने खच्चून भरलेल्या जनुक बदललेल्या माउसमध्ये दिला. लगेच झळकायला हवं होतं. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये जवळजवळ काहीच दिसलं नाही. माउसमधल्या अमायलॉइडवर या ट्रेसरला धरून ठेवणाऱ्या जागा माणसाच्या मानाने फारच थोड्या निघाल्या. पुढे जपानी गटाने वेगळ्या जातीचे माउस घेऊन, ट्रेसरची विशिष्ट किरणोत्सारिता खूप वाढवून सिग्नल मिळवला, पण तोवर धडा मिळाला होता: ठिपका तोच दिसला तरी आतली घडण वेगळी असू शकते. मुळात माउसचा स्वतःचा अमायलॉइड माणसाच्या अमायलॉइडपेक्षा तीन अमिनो आम्लांनी वेगळा असतो आणि आपणहून ठिपके करत नाही. म्हणूनच माणसाचं बदललेलं जनुक त्यांच्यात घालावं लागतं.

शिवाय सोलापुरात बसून पेटचं स्वप्न बघताना घड्याळ विसरून चालत नाही. या ट्रेसरमधल्या किरणोत्सारी कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं. पुण्याहून गाडीने साडेचार तास धरले तर निघताना जेवढा होता त्याच्या दहा हजारांतला एक भागही पोचत नाही. दुसऱ्या ट्रेसरांत वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यातला पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर काहीतरी हाती लागतं. ते जमतं. पण ज्याच्या शॅमचा पत्ता नाही, त्याला फ्लोरिन काय करणार?

दुसरी फेरी

एप्रिलमध्ये पुन्हा सुरुवात केली. प्रबंधाची मुदत डोक्यावर होती, तरी आचारसमितीकडे पुन्हा गेले आणि पहिल्या फेरीत काय चुकलं ते लिहून दिलं, मेलेल्या रॅटसकट. समितीवरच्या पशुवैद्यांनी एकच विचारलं, "तापमान या वेळी कोण बघणार?" त्या कामाला दुसरी विद्यार्थिनी नेमली. तिच्या वहीत दर दहा मिनिटांची नोंद.

प्रत्येक गटात ६ रॅट: एसटीझेड आणि शॅम. दोघांचा स्कॅन शस्त्रक्रियेआधी, मग तीन आठवड्यांनी. बाहेर रात्री नऊलाही रस्ता तव्यासारखा आणि आत २० अंश, त्यामुळे रॅटला आधी सेंटरच्या बाहेरच्या खोलीत तासभर निवू द्यायचं. चित्रांच्या फायलींची नावं मामांनी बदलली. कुठला रॅट कुठल्या गटाचा हे फक्त त्यांच्या खिशातल्या डायरीत. मुलगा इमेज-जे या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर व्हेंट्रिकलच्या कडा संगणकाच्या माउसने गिरवायचा आणि क्षेत्रफळ लिहायचा. सगळं मोजून संपल्याशिवाय डायरी उघडायची नाही.

आधीच्या स्कॅनने पहिल्याच आठवड्यात स्वतःचे पैसे वसूल केले. शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या एका रॅटचं व्हेंट्रिकल काहीही न करता फुगलेलं होतं. विस्टरमध्ये असे जन्मतः रुंद व्हेंट्रिकलवाले अधूनमधून सापडतात. वरून धडधाकट, खाणंपिणं व्यवस्थित, वजन छान. जानेवारीच्या पद्धतीने गेलो असतो तर तो एसटीझेडच्या गटात पडून आमचा सगळ्यात देखणा 'अल्झायमर' ठरला असता. त्याला वगळून दुसरा घेतला. जानेवारीच्या चित्रांत असे किती होते, ते आता कधीच कळणार नाही.

डायरी उघडली. एसटीझेडच्या सगळ्या रॅटमध्ये व्हेंट्रिकल त्यांच्या स्वतःच्या आधीच्या चित्रापेक्षा स्पष्ट मोठं. शॅममध्ये चौघांत फरक नाही, दोघांत थोडी वाढ. म्हणजे सुईचा आणि बफरचा वाटा होता, पण थोडा. औषधाचा वाटा खरा. मुलगा खुशीत. मी विचारलं, "आता सांग, आटलाय की तुंबलाय?" आमच्या २ मिलिमीटरच्या कापात ॲक्विडक्टची नळी दिसणं शक्य नव्हतं, त्यामुळे शेवटी काचपट्टीकडेच यावं लागलं. व्हेंट्रिकलच्या भिंतीचे काप घेऊन रंगवले. शॅममध्ये अस्तराच्या पेशी ओळीने मांडलेल्या, दात असलेल्या कंगव्यासारख्या. एसटीझेडमध्ये ओळ जागोजाग तुटलेली, काही ठिकाणी अस्तर पूर्ण निघून गेलेलं. दोन रॅटमध्ये ॲक्विडक्ट इतकी अरुंद की सूक्ष्मदर्शकाखालीही शोधावी लागली. मामांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग? तुंबलंच की."

हिप्पोकॅम्पसमध्येही बिघाड होता, ते नाकारत नाही. पेशी कमी दिसत होत्या. पण तो औषधाचा थेट परिणाम की तीन आठवड्यांच्या दाबाचा, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. हौदातल्या विसराळूपणालाही तेच लागू. आम्ही पोहण्याचा वेग वेगळा मोजला होता, तो दोन्ही गटांत सारखा होता, म्हणजे निदान हातपाय शाबूत होते. एप्रिलमध्ये हौदातलं पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवायला रोज बर्फाच्या लाद्या टाकल्या, ते वेगळंच.

प्रबंधात मी मुलाला 'मेंदू आकसला' हा शब्दप्रयोग कुठेही करू दिला नाही. तो नाराज झाला. त्याच्या मित्रांच्या प्रबंधांत ॲल्युमिनियम पाजलेले रॅट अल्झायमरचे पेशंट म्हणून सुखाने नांदत होते, आणि याच्याकडे इतकी चित्रं असून लिहायचं काय, तर 'एसटीझेडनंतर व्हेंट्रिकलच्या आकारमानात वाढ, एपेंडायमाच्या इजेशी संबंधित'. शीर्षक बदलायला विद्यापीठाकडे अर्ज करावा लागला. तो मंजूर व्हायला प्रयोगापेक्षा जास्त दिवस लागले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलंच चित्र बघून विचारलं, "व्हेंट्रिकल एवढं मोठं, म्हणजे कॉर्टिकल ॲट्रॉफी आहे ना?" मेंदूची साल आकसली आहे ना, असं त्यांना म्हणायचं होतं. मुलाने पुढची स्लाइड लावली. डावीकडे शस्त्रक्रियेआधीची फट, उजवीकडे तीन आठवड्यांनंतरचं फुगलेलं व्हेंट्रिकल, रॅट एकच, शेपटीवर दोन रेघा. कवटीलगतच्या पट्टीवर बाण ठेवून तो बोलायला लागला. पंचवीस मिनिटं परीक्षकांनी हौदाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

सध्या तिसऱ्या फेरीचा अर्ज समितीकडे आहे. त्यात स्कॅन तीनदा आहे: आधी, एका आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी. तुंबणं आधी येतं की पेशी आधी मरतात, ते पहिल्या आठवड्याच्या चित्रात दिसतंय का बघायचंय. मामांची पाळी बदलून दिवसाची झाली आहे, म्हणून नव्या टेक्निशियनला फिल्म गुंडाळायला शिकवायचं काम आधी करावं लागेल.